घरखर्चाच्या वहीत न मांडलेला खर्च

आमच्या सोसायटीत दर दोन-तीन महिन्यांनी एक बोहारीण येते. डोक्यावर पाटी, पाटीत स्टीलची पातेली, डबे, चाळण्या, अलीकडे प्लास्टिकचे टबसुद्धा. जिन्यात बसकण मारून ती आधी कपडे बघते, भांडी नंतर दाखवते. सुती साडी दोन्ही हातांनी उजेडाकडे धरते. विरली असेल तर तिथेच कळतं. पँटची शिवण आतून तपासते, शर्टाची कॉलर अंगठ्याने चोळते. जरीचा काठ दिसला की चेहरा कोरा ठेवते. एका दिवाळीआधी मी तिच्यापुढे जो ढीग टाकला त्यात माझ्या दहा-बारा वर्षं वापरलेल्या सुती साड्या होत्या आणि मुलीने जेमतेम दीड वर्षापूर्वी सेलमधून आणलेले ताणले जाणारे टॉप आणि लेगिंग होते. साड्या तिने मांडीखाली घेतल्या. लेगिंगचं इलॅस्टिक ओढलं, गुडघ्यावर आलेले गोळे बघितले आणि तो गठ्ठा माझ्याकडे परत सरकवला. "ताई, हे कोन घेतंय? पानी पीत नाय हे. पुसायला बी कामाचं नाय."

जुनं ते टिकाऊ, नवं ते टाकाऊ असा निकाल तिने दोन मिनिटांत दिला. त्या निकालापर्यंत पोचायला तज्ज्ञांना बरीच वर्षं लागली आणि जाडजूड अहवाल लिहावे लागले. लेखांचा हा संग्रह करायचं माझ्या मनात आलं ते त्या जिन्यात.

माझी आई घरखर्चाची वही ठेवायची. दूध, किराणा, इस्त्री, पेपर, दळण. महिनाअखेर बेरीज जुळली नाही तर पाच रुपयांसाठी रात्री दिवा जाळायची आणि वडील त्यावरून तिला चिडवायचे. त्या वहीत वस्तूची किंमत म्हणजे दुकानदाराला दिलेले पैसे. वस्तू घरात येण्याआधी आणि घरातून गेल्यानंतर तिच्यापायी कुणी काय मोजलं, याचा रकाना तिथे नव्हता, असायचं कारणही नव्हतं. पर्यावरणपूरक राहणी, शाश्वत उपभोग, हरित जीवनशैली अशा भारदस्त नावांनी जो विषय आता आपल्यासमोर येतो, तो म्हणजे त्या वहीत हा रकाना कसा आखायचा आणि त्यात कुणाच्या नावावर किती टाकायचं, याचं भांडण आहे. भांडण हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे. या क्षेत्रात नव्याने आलेल्याला वाटतं की इथे सगळे एकाच दिशेने निघालेत. तसं नाही.

या हिशोबाचा एक मोठा जाणकार आपल्या वर्ध्याचा. जे. सी. कुमारप्पा जन्माने तमिळ; लंडनमध्ये हिशोबतपासणी शिकलेले, मुंबईत तोच व्यवसाय केलेले, पुढे अमेरिकेत अर्थशास्त्र शिकून आलेले. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचं काम कुमारप्पांच्या हाती आलं. तेलाची घाणी, हातकागद, मधमाश्या, गूळ अशा गोष्टींत हा कोट-टायमधून खादीत आलेला माणूस बुडून गेला. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' लिहिलं. १९४५ साली ते गांधीजींच्या प्रस्तावनेसह आलं. बाजारातला भाव वस्तूचं खरं मोल सांगत नाही आणि वस्तू विकत घेणारा तिच्यामागे घडलेल्या बऱ्यावाईटाचा भागीदार होतो, हा त्यांचा आग्रह. आज ज्याला जबाबदार खरेदी म्हणतात ती कल्पना वर्ध्याच्या एका आवारात तेव्हा रोज बोलली जात होती. शूमाकर यांचं 'स्मॉल इज ब्यूटिफुल' १९७३ साली गाजलं, त्यातल्या बौद्ध अर्थशास्त्रावरच्या निबंधात कुमारप्पांचा आधार घेतलेला आहे. आपल्याकडे मात्र कुमारप्पा गांधीवाद्यांच्या कपाटात राहिले. अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात त्यांना जागा मिळाली असती तर पुढची बरीच चर्चा आपल्याला आयात करावी लागली नसती.

या विषयाचा जगातला इतिहास इथे थोडक्यात सांगते, कारण तो इतरत्र भरपूर मिळतो. रेचल कार्सन यांचं 'सायलेंट स्प्रिंग' १९६२ साली आलं. १९७२ हे तर या विषयाचं गजबजलेलं वर्ष: 'लिमिट्स टू ग्रोथ' हा अहवाल त्याच वर्षी आला आणि स्टॉकहोमची पर्यावरण परिषदही तेव्हाच भरली. १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालाने 'शाश्वत विकास' हा शब्द सरकारी टेबलांवर आणला. १९९२ साली रिओमध्ये उपभोगाच्या सवयी बदलण्याची भाषा कागदावर उतरली आणि २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत ती बाराव्या क्रमांकावर बसली.

या ओळीत न मावणारा एक मुद्दा दिल्लीहून आला. अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ साली एका छोट्या पुस्तिकेत विचारलं, की भातशेतीतून निघणारा मिथेन आणि श्रीमंत देशांतल्या मोटारींचा धूर एकाच तागडीत का तोलायचा? जगण्यासाठीचं उत्सर्जन वेगळं, चैनीचं वेगळं. हा प्रश्न दोन देशांपुरता नाही. एकाच शहरातल्या दोन घरांनाही तो लागू पडतो. घरकामाला येणाऱ्या बाईंना मी प्लास्टिकच्या पिशवीवरून बोलले होते, त्याच आठवड्यात मी विमानाने दिल्लीला जाऊन आले होते. तेव्हापासून मी पिशवीवरून कुणालाच बोलत नाही.

महाराष्ट्रात या विषयाला दोन फाटे फुटले. एक ग्राहक चळवळीचा. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. काही कुटुंबांनी एक गट करायचा, महिन्याच्या सामानाची यादी एकत्र द्यायची, घाऊक माल आला की पाळीपाळीने वाटपाला उभं राहायचं. उद्देश भेसळ आणि काळाबाजार टाळण्याचा होता, पर्यावरणाचा नव्हे. पण महिन्याला काय लागतं हे आधी ठरवून तेवढंच मागवणं, यापेक्षा हिरवी खरेदी दुसरी कोणती? दुसरा फाटा स्वेच्छेने गरजा कमी करणाऱ्यांचा. दिलीप कुलकर्णी दापोली तालुक्यातल्या कुडावळ्यात राहायला गेले आणि 'निसर्गायण'सारख्या लेखनातून त्यांनी मराठी वाचकाला विचारलं, की तुझ्या गरजा खरंच तुझ्या आहेत का. त्यांच्या आधीपासून श्री. अ. दाभोलकरांचा 'प्रयोग परिवार' गच्चीवर, अंगणात, पालापाचोळ्यावर काय काय पिकतं ते मोजून दाखवत होता. दाभोलकर गणिताचे माणूस, त्यामुळे त्यांच्याकडे भावनेपेक्षा मोजमाप जास्त. मला स्वतःला हा दुसरा फाटा आदरणीय वाटतो आणि अपुराही. कुडावळ्याला प्रत्येकाला जाता येत नाही. ज्याला कर्जाचे हप्ते, आजारी सासरे आणि दीड तासाची लोकल आहे, त्याच्या घराचं काय, याचं उत्तर साधेपणाच्या पुस्तकांत मला फारसं सापडलं नाही.

ते उत्तर द्यायला दुसरे दोघे पुढे आले, सरकारी शिक्का आणि यंत्र. जर्मनीने १९७८ साली पर्यावरणपूरक वस्तूंसाठी 'निळा देवदूत' हे चिन्ह काढलं. आपण १९९१ साली 'इकोमार्क' काढला. त्याचं चिन्ह मातीचं मडकं. तुम्ही ते कधी साबणाच्या वेष्टनावर पाहिलंय? मीही नाही. उत्पादकांनी ते घेतलं नाही, ग्राहकांनी मागितलं नाही आणि मडकं कोपऱ्यात राहिलं. २०२४ साली नवे नियम करून ते पुन्हा चुलीवर चढवलंय. विजेच्या उपकरणांवरचे तारे मात्र लोकांनी उचलले, कारण ताऱ्यांचा संबंध थेट बिलाशी. २०२० पासून तारांकित एसी सुरू केला की २४ अंशांवरच लागतो, ग्राहकाने काही ठरवायचीही गरज नाही. यंत्रावर भिस्त ठेवणाऱ्यांना जेव्हॉन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच सावध केलं होतं: कोळसा काटकसरीने जाळणारी इंजिनं आली तेव्हा इंग्लंडचा कोळशाचा खप वाढला. पाच ताऱ्यांचा एसी आहे म्हणून दुसऱ्या खोलीतही एक लावणाऱ्या माझ्या ओळखीच्या घरांत हे मी पाहिलंय. ती वीज येते कुठून हे पुण्यात बसून दिसत नाही. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे आणि त्याची राख, धूर, उन्हाळा चंद्रपूरकरांच्या वहीत मांडला जातो.

आता थोडं कापडी पिशवीबद्दल. मी माझ्या कपाटातल्या पिशव्या मोजल्या. तेवीस निघाल्या: लग्नांत मिळालेल्या, परिसंवादांत मिळालेल्या, एका बँकेच्या, दोन साड्यांच्या दुकानांच्या. वस्तूचा जन्मापासून मरेपर्यंतचा हिशोब मांडण्याचं एक शास्त्र आहे, त्याला जीवनचक्र मूल्यांकन म्हणतात. त्याच्या पहिल्या अभ्यासांतला एक १९६९ साली कोका-कोलाने बाटल्यांसाठी करून घेतला होता. २०१८ साली डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने पिशव्यांचा असाच हिशोब केला. हवामानापुरतं पाहिलं तर साधी सुती पिशवी पातळ प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायला ५२ वेळा वापरावी लागते. म्हणजे माझ्या तेवीस पिशव्यांना मिळून ११९६ फेऱ्या. आठवड्यातून दोनदा मंडईत गेले तरी साडेअकरा वर्षं, आणि तोवर चोविसावी पिशवी घ्यायची नाही. पाणी, माती, ओझोन अशा सगळ्या निकषांवर खरं उतरायचं तर एकेका पिशवीला ७,१०० फेऱ्या. आठवड्याला दोन या दराने एका पिशवीला अडुसष्ट वर्षं. हा आकडा दाखवून प्लास्टिकवाले टाळ्या पिटतात. पण त्या अभ्यासाने गटारात अडकलेली पिशवी मोजलेलीच नाही. डेन्मार्कमध्ये ती बहुधा अडकत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईची गटारं कशाने तुंबली होती हे आपण पाहिलंय. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्राने प्लास्टिकबंदी आणली तिची मुळं त्या पावसातही होती. तर मग पिशवी कुठली चांगली? जी घरात आधीच आहे ती. हे उत्तर कुणी विकू शकत नाही, म्हणून त्याची जाहिरातही होत नाही.

गणपतीचंही तसंच. शाडू चांगली, प्लास्टर वाईट, एवढ्यावर आपण थांबतो. शाडू बहुतांशी गुजरातेतून ट्रकने येते. प्लास्टर पाण्यात विरघळायला महिनोन्‌महिने लागतात आणि रंग वेगळेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या सुधारित सूचनांत प्लास्टरच्या मूर्तींना नकार दिला. पेणच्या मूर्ती-कारखानदारांनी पोटाचा प्रश्न पुढे केला, आणि तो खोटा नाही. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या लोकांनी भलताच मार्ग काढला. अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात प्लास्टरची मूर्ती बादलीत विरघळते, वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उतरतं, ते झाडांना खत म्हणून चालतं, खाली खडूसारखा गाळ राहतो. महापालिकेने ती पावडर वाटलीही. आमच्या शेजाऱ्यांनी बाल्कनीत हा प्रयोग केला तेव्हा अमोनियाच्या वासाने दोन मजले शिंकत होते आणि त्यांच्या आजी म्हणत होत्या, "बाप्पाला कसल्या पाण्यात बसवलंत रे?" या संग्रहात याच प्रश्नावर दोन लेख आहेत आणि ते एकमेकांना कडाडून विरोध करतात. मी मध्ये पडले नाही.

ज्यांना या सगळ्या वादाचं प्रत्यक्ष ओझं उचलावं लागतं त्यांच्याबद्दल मला जास्त बोलायचंय. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, कचरावेचकांची संघटना म्हणून. २००८ साली तिच्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा घ्यायला लागली. या बायकांना कुठलं प्लास्टिक विकलं जातं आणि कुठलं नाही हे हाताच्या स्पर्शावरून कळतं. चिप्सच्या चकचकीत पाकिटाला भाव नाही; स्वच्छ दुधाच्या पिशवीला आहे. दुधाची पिशवी धुऊन ओट्यामागच्या टाइल्सवर उलटी चिकटवून वाळवणं हा खास आपल्याकडचा घरगुती विधी. त्यातही एक खोच आहे. पिशवीचा कोपरा आपण कात्रीने छाटतो तो नखाएवढा तुकडा सिंकमध्ये, तिथून मोरीत, तिथून नाल्यात. त्याला कुणी वेचू शकत नाही. कोपरा पूर्ण न छाटता लटकता ठेवला तर तो पिशवीसोबत जातो. सॅनिटरी नॅपकिन कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला हात घालण्याआधी कळेल, अशी 'स्वच्छ'च्या बायकांची मागणी होती. एक लाल ठिपका. त्यालाही किती घरांनी नाक मुरडलं.

कचरा 'गेला' म्हणजे कुठे गेला, याचं उत्तर मुंबईत देवनार. १९२७ पासून तिथे कचरा पडतोय आणि २०१६ च्या जानेवारीत तो पेटला तेव्हा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला. पुण्यात उरुळी देवाची आणि फुरसुंगी. तिथल्या लोकांनी पुन्हा पुन्हा गाड्या अडवल्या तेव्हा कुठे शहराला ओला-सुका हा शब्द पाठ झाला.

याच जोडीने एक गोड गैरसमज बाजूला करायला हवा: आपल्या आज्या जन्मजात पर्यावरणवादी होत्या. गोधड्या, वाकळी, करवंटीची डवली, राखेने घासलेली भांडी, सगळं खरं. पण वस्तू कमी होत्या आणि बायकांचे हात फुकट होते. चुलीच्या धुराने डोळे गेले त्याची नोंद कुठल्या वहीत आहे? गावाची घाण उचलणारी जात ठरलेली होती म्हणून गाव स्वच्छ दिसायचं. काटकसर गरिबीने लादलेली असते तेव्हा तिच्यात पुण्य शोधू नये. आणि आजही 'हरित घर' म्हटलं की वर्गीकरण, पिशव्या धुणं, खताच्या बादलीतल्या अळ्या, बाटल्या परत नेणं हे काम घरात कुणाच्या वाट्याला येतं ते बघावं. संग्रहासाठी लेख मागवले तेव्हा पुरुषांनी धोरणावर लिहून पाठवलं आणि बायकांनी बादलीवर. अपवाद दोन.

हे सगळं आत्ताच का? कारण निवड करायला मिळणारा वेळच आता दहा मिनिटांवर आलाय. फोनवर बोट टेकवलं की कोथिंबिरीची जुडी कागदी पिशवीतून, लिंबू दुसऱ्या पिशवीतून दारात. यादी करण्याची, शेजारणीकडून वाटीभर साखर आणण्याची, 'राहू दे, उद्या बघू' म्हणण्याची फट त्यात बुजते. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'मिशन लाइफ' नावाने व्यक्तीच्या सवयी बदलण्याची सरकारी मोहीम निघाली. सवयी बदलाव्यात, जरूर. पण वैयक्तिक कार्बन फूटप्रिंट मोजायचं साधन घरोघरी पोचवण्यात बीपी या तेलकंपनीचा मोठा हात होता, हे लक्षात ठेवलं की ग्राहकावर बोट रोखणाऱ्यांकडे जरा सावधपणे बघता येतं. दुसरीकडे बाजारात सगळंच 'नैसर्गिक' आणि 'हरित' झालंय. मी बांबूचे दात घासायचे ब्रश घेतले. दांडा बांबूचा, केस नायलॉनचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा दाव्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, दावा कराल तर पुरावा द्या म्हणून. त्यांचा वापर ग्राहकांनी तक्रारी केल्या तरच होईल, आणि त्यासाठी वेष्टनावरचं बारीक अक्षर वाचता आलं पाहिजे.

ते वाचता यावं एवढाच या संग्रहाचा बेत आहे. 'घर हिरवं करण्याचे शंभर उपाय' अशी यादी इथे मिळणार नाही; तशी पुस्तकं आहेत आणि त्यांतली काही चांगलीही आहेत. इथे लिहिणाऱ्यांत एक मिक्सर दुरुस्त करणारे आहेत, एक कापडदुकानदार आहेत, कचरा वेचणाऱ्या एक ताई आहेत ज्यांनी बोललेलं आम्ही उतरवून घेतलं, रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत आणि सोसायटीच्या सेक्रेटरी म्हणून बारा वर्षं शिव्या खाल्लेल्या एक बाई. प्रत्येकाला एकच विनंती होती: तुमच्या हातून रोज जाणारी एक वस्तू घ्या आणि तिच्या मागेपुढे जिथवर जाता येईल तिथवर जा. कुणी दुकानापर्यंत गेले, कुणी खाणीपर्यंत. कुठे वाट संपली तेही लिहा म्हटलं होतं, तेही बहुतेकांनी प्रामाणिकपणे लिहिलंय. मिक्सरवाल्यांचा लेख सगळ्यांत छोटा आहे. स्क्रूऐवजी चिकटवून बंद केलेलं यंत्र उघडताच येत नाही, हे सांगायला त्यांना चारच पानं लागली. सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं, त्याविषयी त्यांचं मत त्यांच्याच शब्दांत वाचावं.

बोहारणीलाही मी लिहायला सुचवलं होतं, म्हणजे सांगायला. ती म्हणाली, "त्यात सांगायचं काय? पातेलं घ्यायचंय का ते बोला." त्या लेगिंग अजून माझ्याकडेच आहेत, माळ्यावर.

राहता राहिली पुस्तकाची गोष्ट. प्रत्येक प्रतीला प्लास्टिकचं वेष्टन घालू नका असं मी प्रकाशकांना कळवलं. पावसाळ्यात गोदामाला ओल येते, कोपरे फुगलेली प्रत दुकानदार परत पाठवतो आणि परत आलेली प्रत लगद्यात जाते, असा त्यांचा उलट हिशोब आला, आकड्यांसह. तो चुकीचा आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येईना. हे लिहीपर्यंत आमचा तह झालेला नाही. ही प्रत तुमच्या हातात कशी पडली त्यावरून शेवटी कुणाचं चाललं ते तुम्हाला कळलंच असेल.